बांगड्याला पंक, कोळंबीला इमो

रत्नागिरी जिल्ह्यात पंक आणि इमो ऐकणारी माणसं किती, हे मनस्वीला नावानिशी पाठ होतं, कारण त्यातल्या प्रत्येकाला तिनेच पकडून आणलं होतं. पालीची मैत्रीण दिशा नुसती भिडेखातर ऐकायची. मालगुंडचा एक जण ऐकायचा, पण घरी सांगायचा की इंग्रजी सुधारतोय.

दर रविवारी मनस्वी फोनवरच्या आपल्या चॅनेलवर नवे अल्बम सुचवत असे. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. पोरापोरींनी वर्गणी काढून, शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन, स्वतःच्या हिमतीवर काढलेले. नवख्याला ती फरक असा समजावायची: जगाचं चुकलंय म्हणून माणूस ओरडतो ते पंक, आणि आपलंच चुकलंय म्हणून ओरडतो ते इमो. शिफारसही तशीच सरळ. ‘“पर्यायी व्यवस्था” या नाशिकच्या तीन मुली. अल्बम “साहेब जेवायला गेलेत”. कुकरच्या चार शिट्ट्यांत संपतो. गाणारीला सूर सापडत नाही, पण ती शोधतही नाही, त्यामुळे वेळ वाचतो. जरूर ऐका.’

नियम एकच होता. जे आवडलं नाही ते आवडलं म्हणून लिहायचं नाही. सख्ख्या मावसभावाच्या गाण्यांबद्दल तिने लिहिलं होतं, ‘शब्द स्पष्ट ऐकू येतात, हीच अडचण आहे.’ तेव्हापासून मावशीकडून फराळाचा डबा येणं बंद झालं होतं. मनस्वीला चकल्यांचं वाईट वाटलं. मताचं वाटलं नाही.

रविवार सोडून बाकीचे दिवस ती बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात खिडकीत बसे. समुद्रात जाण्याआधी बोटी इथून बर्फ भरून घेत. तिचे वडील सखाराम हे ‘जलकन्या’ बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. घरी तो शब्द आईचा असल्यामुळे त्यांना समुद्र फार आवडायचा.

हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी लेकीकडे पेनड्राइव्ह दिला आणि भजनं भरायला सांगितली. मनस्वीने भजनं भरली. जागा उरली. उरलेली जागा वाया घालवणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने मागे ‘साहेब जेवायला गेलेत’ टाकला.

भजनं संपली तेव्हा जाळं ओढायचं काम ऐन रंगात होतं. एकदम नाशिकच्या तिघी किंचाळू लागल्या.

“बंद कर ता,” सखाराम म्हणाले.

पण सगळ्यांचे हात दोरात. बंद करायला मोकळा हात बोटीवर कोणाचाच नव्हता. त्यामुळे ‘जलकन्या’च्या खलाशांनी पूर्ण अल्बम ऐकला, आणि तो संपता संपता जाळं वर आलं ते बांगड्याने फुगलेलं. इतका बांगडा त्या आठवड्यात बंदरावर कोणाच्याच बोटीला लागला नव्हता.

दुसऱ्या फेरीला भजनं संपल्यावर कोणी तरी बटणाकडे हात नेला, तेव्हा सखारामांनी तो हात मागे सारला.

बंदरावर गोष्ट लपत नाही. दोनच दिवसांत शेजारच्या बोटीचा तांडेल बाबल्या खिडकीशी आला.

“काय गो बाय, बापाला दिलंस ता मला पण दे.”

“बाबल्याकाका, त्याचा बांगड्याशी काही संबंध नाही.”

“सखाराम पण तसंच सांगतोय. म्हणजे नक्की हाय.”

मनस्वीने विचार केला. इतकी वर्षं ती लोकांना अल्बम ऐका म्हणून विनवत होती, आणि आता एक माणूस स्वतःहून, कानात विडी खोचून, मागायला आला होता. तिने मन लावून विचारलं, “तुम्हाला काय पाहिजे?”

“कोळंबी.”

“मग जरा दुःखी देते.” तिने ‘वरचा बर्थ’ नावाच्या भोपाळच्या पोराचा ‘तुझी छत्री माझ्याकडेच आहे’ भरून दिला. कोळंबी बरी लागली. कशी लागली ते देव जाणे. पण तिसऱ्या गाण्यात पोरगा आईची माफी मागतो तिथे बाबल्याचा खलाशी हिरा ढसाढसा रडला, आणि परत आल्यावर त्याने पहिला फोन गावी आईला लावला. चॅनेलवरच्या वाचकांनी त्याच अल्बमला नुसता अंगठा दाखवला होता.

मग रांगच लागली. सुरमईला काय, पेडव्याला काय. मनस्वीने न आवडलेला एकही अल्बम कोणाला दिला नाही. बर्फ भरून होईपर्यंत खलाशी खिडकीत परीक्षण सांगून जात. “गिटारवाला घाईत हाय.” “तिला नवऱ्याने सोडली काय गो? नाय? मग कशाला एवढी ओरडतेय?” असलं परीक्षण मनस्वीने कुठेही वाचलं नव्हतं.

हे सगळं बरं चाललं असताना केतनचा अल्बम आला.

केतन अलोऱ्याचा, वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला, मनस्वीचा कॉलेजातला दोस्त. तो ड्रम वाजवत गायचा आणि त्याचा मित्र अजिंक्य गिटार वाजवायचा. बँडचं नाव ‘गळकी टाकी’. कॉलनीतल्या एका रिकाम्या क्वार्टरमध्ये, खिडक्यांना गाद्या लावून, दोघांनी आठ गाण्यांचा अल्बम केला होता. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, “तुला आवडला तर बँड चालू. नाही तर ड्रम पालीच्या बेंजो पार्टीला देऊन टाकतो. त्यांना लग्नसराईच्या आधी पाहिजेत. बाबा म्हणतात मुंबईला काकांकडे जा.”

“माझ्या एकटीच्या मतावर?”

“तू कधी खोटं लिहीत नाहीस. बाकीचे सगळे मस्त म्हणतात. आमच्या शेजारच्या काकू पण मस्त म्हणाल्या. त्यांना ऐकू येत नाही.”

मनस्वीने अल्बम ऐकला. मग परत ऐकला, आपलं काही चुकलं असेल या आशेने. आठपैकी सहा गाण्यांत केतन ऑक्टोबरातल्या गळत्या पानांतून, लांबच लांब हायवेवरून, कोट घालून एकटा चालला होता. अलोऱ्यात ऑक्टोबरात पानं गळत नाहीत. घाम गळतो. कोट कॉलनीत एकट्या इंजिनिअर साहेबांकडे होता, आणि तोही त्यांनी बदली होताना नेला. उरलेली दोन गाणी मात्र खरी होती. एक शेजारच्या बंद क्वार्टरांवर. दुसरं, बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टरची चावी परत करायला जातात आणि ऑफिसात कोणीच ती घ्यायला तयार नसतं, त्यावर. त्या गाण्याला मनस्वीने खिडकी लावून घेतली, आणि एक बोट बर्फाविना ताटकळली.

आता हे लिहायचं कसं? लिहिलं तर ड्रम बेंजो पार्टीत जाणार. केतन मुंबईला जाणार. आणि जिल्ह्यातलं एक नाव यादीतून कमी होणार, तेही तिला सगळ्यात जास्त लागणारं. खोटं लिहिलं तर तो राहणार, आणि जन्मभर कोट घालून फिरणार. रविवार आला. मनस्वीने लिहिलं, ‘या आठवड्यात सुट्टी.’

सोमवारी केतन अलोऱ्याहून एसटीने थेट खिडकीत.

“ऐकलास का?”

“ऐकतेय.”

“आठ गाणी आहेत. ऐकतेय म्हणजे?”

तेवढ्यात बाबल्या बर्फाला आला आणि सवयीने म्हणाला, “बाय, आज बांगड्याचं काय?” मनस्वी काही बोलायच्या आत केतनने खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. “काका, हा घ्या. नवीन आहे.”

“हिने सांगितलंय?” बाबल्याने विचारलं.

केतनने मनस्वीकडे पाहिलं. मनस्वीने बर्फाकडे पाहिलं. बाबल्याने त्याला होकार समजून बोट सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबल्याची बोट धक्क्याला लागली तेव्हा केतन तिथेच होता. बाबल्या खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, “एक बांगडा नाय. जेलीफिश, जेलीफिश आणि एक चप्पल. ती पण डावी.”

लोक जमले. कोणाचा अल्बम, कोणी दिला, अशी चौकशी सुरू झाली. हिराने बोटाने केतन दाखवला. एक म्हातारा म्हणाला की पोराला धक्क्यावर उभा ठेवू नका, बाकीच्या बोटी अजून यायच्यात. केतन पांढरा पडला होता. तो मनस्वीला हळूच म्हणाला, “कळलं. बेंजो पार्टीला फोन करतो.”

मनस्वीला दिसत होतं की आता गप्प राहिलं तर सगळं आपोआप मिटेल. अल्बम वाईट हे जेलीफिशने सांगितलं, तिला सांगावं लागणार नव्हतं. बंदरावरची तिची पतही शाबूत राहिली असती.

“बाबल्याकाका,” ती म्हणाली, “मासे अल्बम ऐकत नाहीत.”

“काय सांगतेस.”

“खरंच. बांगडा तिथे होता म्हणून मिळाला. तुम्ही भूपाळी लावली असती तरी मिळाला असता. जेलीफिश पण यंदा सगळ्यांनाच लागतेय.”

सखाराम जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी मान वर केली. “मग काढू काय ता साहेबांचं?”

“आवडत नसेल तर काढा, बाबा.”

सखारामांनी सुई खाली ठेवली. “आवडतं असं नाय. पण खरं हाय ता. मी जेव्हा जेव्हा लायसनसाठी गेलो, साहेब जेवायलाच गेलेला.” आणि त्यांनी परत सुई उचलली.

मनस्वी केतनकडे वळली. हे सगळ्यांसमोर बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण कोणी हलायलाच तयार नव्हतं. “तुझा अल्बम मला आवडला नाही. सहा गाणी कोणाची तरी आहेत. तू त्यात नाहीसच. तुझ्याकडे कोट आहे का?”

“नाही.”

“हायवेवर कधी एकटा चाललायस?”

“एसटी चुकली तेव्हा. चिपळूणला.”

“त्यावर गाणं आहे?”

केतनने बोटांवर गाणी मोजली. मग म्हणाला, “सहा?”

“सहा. पण बंद क्वार्टरांचं आणि चावीचं, ही दोन या वर्षी ऐकलेल्या सगळ्यांत वर आहेत. हे मी रविवारी लिहिणार आहे. सहाचंही लिहिणार आहे.”

“ता चावीचं काय?” बाबल्या मध्येच म्हणाला. “कोणी घेतच नाय, ता? ता आम्ही दोनदा लावलं.”

“जेलीफिश आल्यावर?” हिराने शंका काढली.

“आल्यावर पण. हात धुताना.”

केतनने बाबल्याकडे असं पाहिलं जसं आजवर त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बाबल्या अवघडून बोटीवर चढला. लोक पांगले. केतन धक्क्याच्या कडेला बसला आणि त्याने खिशातली शेंगदाण्यांची पुडी उघडली. मनस्वी शेजारी बसली. त्याला राग आला होता हे तिला कळत होतं, कारण तो शेंगदाणे एकटाच खात होता.

“पाचवं तरी राहू दे,” तो शेवटी म्हणाला.

“पाचव्यात ऑक्टोबर आहे.”

“ऑक्टोबर काढून मे टाकतो.”

“मग पानं?”

“पानंही काढतो.” त्याने पुडी तिच्यापुढे धरली. “चिपळूणचं टाकतो. स्टँडवरचं कुत्रं होतं ना, बिस्किट संपेपर्यंत सोबत आलेलं.”

फोन वाजला. अलोऱ्याहून अजिंक्य होता. बेंजो पार्टीचा माणूस टेम्पो घेऊन दारात आलाय, ड्रम द्यायचे की नाही, असं तो विचारत होता. त्याचा आवाज मनस्वीलाही ऐकू येत होता.

“नको देऊस,” केतन म्हणाला.

“म्हणजे तिला आवडला?”

“नाही आवडला.”

“मग?”

“त्यांना चहा दे, टेम्पोचं भाडं दे आणि सॉरी सांग,” केतन म्हणाला. “आपल्याला सहा गाणी करायची आहेत.”