सफरचंदाचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्राचं नाव ज्याने ठेवलं त्याने फारसा विचार केला नसावा. खोटं तो कधी बोलत नसे, हे खरं. पण खऱ्याला असा काही बाक द्यायचा की ऐकणाऱ्याने आपण होऊन भलत्या वाटेने जावं. जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये राबला आणि निवृत्त होऊन तारकर्लीच्या घरी आला, तो दोन बॅगा, एक रेडिओ आणि रक्तातली साखर घेऊन.

साखरेचं कळलं त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, सुशीलाने, घराचा ताबा घेतला. गूळ कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या कनवटीला. जत्रेतलं गुळाचं खाजं घरात येण्याआधीच शेजारी रवाना होई. एकदा तो वाडीतल्या गणपतीला जाऊन मोदक खाऊन आला, तर हिने मिशीत अडकलेल्या खोबऱ्यावरून चोरी पकडली आणि आठ दिवस कारल्याची भाजी घातली. तशी हरिश्चंद्राची हाव मोठी नव्हती. आपल्या घरात, आपल्या ताटात, उघडपणे वाढलेला गोडाचा एक पुरा तुकडा त्याला हवा होता. चोरून खाऊन त्याला कंटाळा आला होता.

अशात विनीतचं, त्यांच्या मुलाचं, लग्न झालं आणि रश्मी घरात आली. मुलगी सांगलीकडची, हसरी, कामाला चपळ. फक्त तिला गहू चालत नव्हता. गव्हात ग्लुटेन नावाचं काहीतरी असतं आणि ते पोटात गेलं की ती दोन दिवस अंथरुणाला खिळते, असं विनीतने समजावून सांगितलं. सुशीलाने ‘गुलटन’ एवढं लक्षात ठेवलं आणि सुनेसाठी तांदळाची भाकरी वेगळ्या तव्यावर भाजायला सुरुवात केली. पण पूजेचा शिरा रव्याचा. रश्मी तो कपाळाला लावायची आणि हळूच नवऱ्याच्या हातात सरकवायची. नव्या सुनेला देवाचा प्रसाद चालत नाही, ही बातमी वाडीभर फिरायला वेळ लागला नाही.

एकदा तांदूळ निवडता निवडता रश्मी बोलून गेली की लहानपणापासून वाढदिवसाला केक तिने फक्त कापलाय. बाकीचे खायचे, ती केळं खायची. हे तिने हसत सांगितलं. हरिश्चंद्राला मात्र फार वाईट वाटलं, अगदी मनापासून, आणि याची नोंद व्हायला हवी, कारण त्यापाठोपाठ त्याच्या डोक्यात जो दुसरा विचार आला तो तितकासा थोर नव्हता.

“ह्या वाढदिवसाक तुझो केक मी करतलंय,” त्याने जाहीर केलं.

सुशीलाने हातातलं सूप खाली ठेवलं. पाण्याचा तांब्या स्वतः उचलून न घेणारा हा माणूस केक करणार, याचा अर्थ पाणी कुठेतरी मुरत होतं. तिने तिथल्या तिथे अटी घातल्या. साखर नाही. गूळ नाही. आणि करणाऱ्याने त्यातला कण तोंडात घालायचा नाही. हरिश्चंद्राने सगळ्याला मान डोलावली. तो म्हणाला, हा केक म्हणजे औषधच जवळजवळ, ग्लुटेन-फ्री. सुशीला म्हणाली, डॉक्टरने सुनेला गहू बंद सांगितलाय आणि तुम्हाला गोड. दोघांची फाइल एक करू नका.

रश्मीने मोबाइलवर कृती शोधून दिली: सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, गोडीला थोडा खजूर, वर बदामाच्या पिठाचा खुसखुशीत थर, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. बदामाच्या जागी काजू आला, कारण वेंगुर्ल्याला हरिश्चंद्राच्या चुलतभावाचा काजूचा कारखाना होता आणि तिथली कणी घरात डबाभर पडून असायची. दालचिनी परसातल्या झाडाची. ओव्हन नव्हता, पण धोंडस, म्हणजे इकडचा काकडीचा केक, ज्या घरात खाली निखारे, वर निखारे ठेवून टोपात भाजतात, तिथे ओव्हनवाचून कुणाचं अडतं?

अडलं ते पिठावर. तांदूळ आणि नाचणी दळायला हरिश्चंद्र पिशवी घेऊन गिरणीकडे निघाला, तेव्हा रश्मीने संकोचत सांगितलं की गिरणीत आधी गहू दळलेला असतो, त्याची धूळसुद्धा तिला बाधते. हरिश्चंद्र उंबऱ्यातच थांबला. मग त्याने माळ्यावरचं जातं खाली काढलं, घासून धुतलं, उन्हात वाळवलं आणि लुंगी आवळून दळायला बसला. बनियन भिजून अंगाला चिकटलं, खांदा भरून आला. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून बघू लागले. इंजिनरूममध्येसुद्धा एवढा घाम गाळला नव्हता, असं तो प्रत्येकाला सांगत होता, आणि तेवढं मात्र बाक न देता खरं होतं. सुशीला खांबाला टेकून बघत होती. तिला कौतुक वाटत होतं आणि संशयही येत होता.

वाढदिवसाच्या दुपारी चुलीवर नवा टोप चढला. तुपात घोळलेल्या फोडी खाली, पीठ आणि काजूचा चुरा वर, झाकणावर करवंट्यांचे निखारे. थोड्या वेळाने असा काही वास सुटला की हरिश्चंद्र चूल सोडून हलेना. टोप उतरल्यावर त्याने चमचा उचलला आणि सहज म्हणाला की चव बघितलेली बरी, पोरीला काही कमी-जास्त नको.

चमचा सुशीलाने काढून घेतला. आता हरिश्चंद्राने राखून ठेवलेला पत्ता टाकला. पहिल्यांदा देवाला नैवेद्य दाखवू, म्हणाला. सुनेला या घरात प्रसाद खाता आला नाही, आज खाऊ दे. सुशीलाचे डोळेच भरून आले. आणि नैवेद्य झाला की तो प्रसाद, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हा पुढचा हिशेब त्याने मनातल्या मनात केला होता.

पण तीस वर्षांचा संसार होता. डोळे पुसून सुशीला शांतपणे म्हणाली, “प्रसाद चिमटीभर घेतत, तितको तुमका दितलंय.”

सगळी मेहनत मातीत गेली. दुसरा कुणी असता तर चिमटीवर समाधान मानून गप्प बसला असता.

संध्याकाळी दिवा लागला. टोप देवासमोर ठेवला गेला. कुठलंही शुभकार्य असलं की घरातल्या कर्त्याने हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक मागणीवर बाकीच्यांनी एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, ही इकडची रीत. लहानपणापासून ऐकून ती इतकी अंगात भिनलेली असते की कान मागणी ऐकायच्या आधी तोंड होकार देऊन मोकळं होतं. हरिश्चंद्राने डोकीला टॉवेल गुंडाळला आणि खर्जात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज सूनबायच्या वाढदिसाक जा काय गोडधोड केला हा, ता गोड मानून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“तिच्या पोटातली पीडा खंयच्या खंय घालवन टाक रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

विनीतच्या नोकरीला बरकत मागून झाली, शेजारपाजाऱ्यांना सुख मागून झालं. सूर लागला होता, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. हरिश्चंद्राने आवाज जराही न बदलता पुढचं म्हटलं.

“आणि जेणी जातां ओढून, घाम गाळून ह्या केल्यान, तेका ह्येतलो एक पुरो तुकडो, चिमटीभर नाय, खावक गावांदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” तिघं म्हणाले, आणि त्यांत सुशीलाचा आवाज सगळ्यांत भक्तिभावाचा होता.

मग तिने डोळे उघडले. विनीतने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. रश्मीने ओढणी तोंडात कोंबली. हरिश्चंद्र देवाकडे बघत हात जोडून तसाच उभा होता, चेहरा धुतल्या तांदळासारखा. देवासमोर दिलेला शब्द. सुशीला तो फिरवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिने शब्द फिरवला नाही. तिने पदर डोक्यावरून घेतला, पुढे झाली आणि आपल्या लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः गाऱ्हाणं घालायला उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा, ह्येंका तुकडो दितंय. तेच्या बदल्यात उद्यापासून ह्ये रोज सांजचे बंदरापर्यंत चलत जांवदे आणि चलत येंवदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” हरिश्चंद्र सवयीने बोलून गेला, आणि तेही सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. आता मात्र विनीतला हसू आवरेना, रश्मी तर खालीच बसली. हरिश्चंद्र स्वतःवरच चिडून टॉवेल सोडू लागला.

पण सुशीलाचे हात अजून जोडलेलेच होते.

“आणि माका एकटी पाठी ठेवन ह्येनी पुढे जाव नको रे म्हाराजा.”

हसणं थांबलं. हा होकार मुलांनी द्यायचा नव्हता. हरिश्चंद्राला एकाएकी कुलूप, किल्ली, कारल्याची भाजी, सगळं एकदमच समजलं, आणि इतकी वर्षं आपण हिला नुसतंच चकवत आलो याची त्याला लाज वाटली.

“होय म्हाराजा,” तो म्हणाला, आणि या वेळी नीट ऐकून म्हणाला.

रश्मीने पहिला घास घेतला, आणि मग कुणाकडे न बघता भराभर खाऊ लागली. सुशीलाने सुरी घेतली आणि हरिश्चंद्राच्या ताटात तुकडा वाढला. पुरा होता, पण लहान होता. त्याने कुरकुर केली नाही.