हळू माणसाची शर्यत

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या बाजूला वैनगंगेवर पूल नव्हता. सासर पोंभुर्ण्याकडचं, माहेर नदीपलीकडे चामोर्शीच्या अंगाला. दिवाळीला माहेरी जायचं म्हणजे आधी हे मला सायकलवर डबलशीट घाटापर्यंत न्यायचे, मग डोंग्यातून नदी, आणि पलीकडे उतरलं की जंगलातून पायी. त्यामुळे माझ्या नातीनं, दिव्यानीनं, जेव्हा सांगितलं की तिच्या शर्यतीत आधी तलावात पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचं, तेव्हा मी म्हणाले, "मंग माहेरीच चालली म्हण ना."

"आजी, मजाक नाई. दिवसभराची शर्यत हाय."

"आमचं माहेरबी दिवसभराचंच होतं, माय."

ती हसली नाही. आदल्या वर्षी पोलीस भरतीत ती धावण्यात मागं पडली होती, तेव्हापासून तिचं हसणं कमीच झालं होतं. गावातली पोरं तिला पाहून "पॅसेंजर आली, पॅसेंजर" असं ओरडायची. आणि ही पोरगी आयुष्यातली पहिलीच शर्यत निवडते, तर तीही इतकी लांब! सगळ्यांनी सांगितलं की आधी एखादी लहान करून पाहा. तिच्या बापानं सांगितलं, चंद्रपूरला ती ज्यांच्यासोबत सायकल चालवायची त्या मंडळींनीही सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं.

"लहान शर्यत जोरात पळणाऱ्याची असते. मी हळू हावो, पण थांबत नाई. हळू माणसाले लांबच शर्यत पायजे. मले एक डाव शेवटावर माह्या पायानं पोचाचं हाय, आजी. बस."

हे ऐकून मला तिचे आजोबा आठवले. मुखरू त्यांचं नाव. तेही असेच हळू. सायकल अशी चालवायचे की वाटेतल्या बाया डोक्यावर भारे घेऊन आम्हाला मागे टाकून जायच्या आणि वर विचारायच्या, "काऊन भाऊ, बायको जड झाली का?" हे आपले पायडल मारत राहायचे. मी मागून म्हणायची, "हळू जा, घाई नाई," आणि मनातून चरफडायची, कारण माहेरी पोचेपर्यंत दिवस बुडायचा आणि भाऊ जेवून मोकळे झालेले असायचे.

शर्यत फाल्गुनात होती. पळस फुलला होता, धानाच्या बांध्यांमधलं लाखोळीचं पीक निघायला आलं होतं. वनखात्यानं एक अट घातलेली. शेवटचा रस्ता जंगलातून होता, आणि त्या भागात पिल्लांची वाघीण फिरत होती. सूर्य बुडाला की रस्त्यावर पायी कोणी राहायचं नाही. जो राहील त्याला पिकअप गाडीत घालून आणणार. गाडीत बसला तो शर्यतीतून गेला. इतरांसाठी घड्याळ असेल, पण माझ्या डोळ्यापुढे दिवसभर तो सूर्यच होता.

सकाळी मी तलावावर गेले. दिव्यानी आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पोहायला शिकलेली. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकू नये म्हणून मान वर ठेवून पोहायची सवय. बाकीचे लोक पाण्यात तोंड घालून सपासप निघून गेले आणि हिचं एकटीचं डोकं बदकासारखं मागून येत राहिलं. काठावरचं कोणीतरी हसलं. मी डोंगा आठवत उभी होते. डोंगेवाला बुधू म्हणायचा, "नदीले घाई दाखवाची नाई, बाई. ते पाह्यते अन् मंग खेळवते." दिव्यानी जवळजवळ शेवटी बाहेर आली, पण दमलेली नव्हती. सायकल घेतली आणि गेली.

मी गावाकडे परतले आणि चुलीवर पेज ठेवली. तांदळाची कणी शिजवून, चांगली पातळ करून, मीठ घालून निववायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही चिखलात दिवसभर वाकून काढायचो ते याच पेजेवर. मोठा पितळी गंज भरला, डोक्यावर घेतला आणि गावाच्या टोकाशी गेले. तिथे धावणाऱ्यांसाठी पाण्याचं टेबल मांडलं होतं. त्या रस्त्यावरचं ते शेवटचं टेबल. पुढे जंगल, आणि जंगलापलीकडच्या रोपवाटिकेत शर्यत संपत होती.

टेबलावर उमेरा होती. चंद्रपूरची पोरगी. तिच्या वडिलांचं, रहीमभाऊंचं, सायकलचं दुकान. दिव्यानीची सायकल त्यांनीच बांधून दिलेली. उमेरानं गंजाकडे पाहिलं.

"आजी, हे काय आणलं?"

"पेज. दिव्यानीसाठी."

"या अल्ला! मंग तुमीच तिले बाद करून ठेवसान."

"काऊन? जहर हाय का त्याच्यात?"

"घरच्या माणसानं एकट्या खेळाडूच्या हातात काईच द्याचं नाई, असा नियम हाय. टेबलावर ठेवलं, सगळ्यांसाठी ठेवलं, तं मंग तिनंबी पेलं तरी चालते."

"अन् सगळ्यांनीच पेली, तिच्यासाठी राह्यलीच नाई तं?"

"तं नाई राह्यली," उमेरा म्हणाली, आणि मग जरा हळू आवाजात, "ठेवा टेबलावर. गंज तं मोठा हाय."

पहिला आला तो नागपूरचा कोणी डॉक्टर. घामानं निथळत होता. गंजात डोकावला. "ये क्या है? चावल का सूप?"

"पियो डॉक्टर साब, इधर का ग्लुकोज है," उमेरा म्हणाली.

मी ओगराळं बुडवलं. आता आमच्याकडची रीत अशी की पाहुण्याला वाढताना तळातून ढवळून दाट वाढायचं. घरच्याला वरचं पातळ, आणि तेही शेवटी. हात आयुष्यभर तसाच चाललेला, त्याला नियम कोण सांगणार? डॉक्टरानं गटागट दोन गिलास संपवले. जाताना त्यानं मागच्याला ओरडून सांगितलं वाटतं, कारण पुढचे सगळे येतानाच विचारू लागले, "वो चावलवाला किधर है?" मी ढवळत होते, दाट दाट वाढत होते, आणि मला बरंही वाटत होतं. किती वर्षांनी माझ्या गंजाभोवती इतकी तहानलेली माणसं उभी होती. रोवणीला बांधावर अशीच गर्दी व्हायची. आता आमच्याही बांध्यांत रोवणीला मशीन येते आणि मशीन पेज पीत नाही.

भानावर आले तेव्हा गंज पाऊण रिकामा झाला होता आणि दिव्यानीचा पत्ता नव्हता.

मी गुपचूप एक गडवा भरला, त्यावर झाकणी ठेवली आणि टेबलाखाली पाण्याच्या कॅनमागे सरकवून दिला.

"आजी, तो गडवा कोणाचा?"

"माहा. मले तहान नाई लागत का?"

"लागलीच असन," असं म्हणून उमेरा दुसरीकडे पाहू लागली.

उन्हं उतरली. पिकअप गाडी आली. मागे तीन-चार माणसं माना खाली घालून बसली होती, सायकलवरच गळालेली. गाडीवर वनरक्षक चैतू होता, आमच्याच गावचा. "कमळाबाई, तुमची नात लय मागं हाय. पण येऊन राह्यली. पाय ओढते, पण थांबत नाई."

"तिले गाडीत बस म्हटलं का रे?"

"म्हटलं. माह्याकडं असं पाह्यलं का वाघीण बरी."

गंज संपला. खरडून शेवटचं ओगराळं एका बाईला दिलं आणि त्यानंतर एक माणूस आला. माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होता, पन्नाशीचा असेल. टेबलाला धरून उभा राहिला आणि बाजूला जाऊन ओकला. उमेरानं पाणी दिलं, ते पोटात ठरेना. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पेज हाय म्हणे इथी," तो म्हणाला.

मी गंजाकडे पाहिलं, त्यानंही पाहिलं. "संपली वाटते," तो म्हणाला आणि जमिनीवर बसला. राग नाही, काही नाही. नुसता बसला.

गडवा माझ्या पायाजवळ होता. उमेरा गिलास पुसू लागली. ती बोलली असती तर मला सोपं झालं असतं. रस्त्यावर लांबपर्यंत कोणी दिसत नव्हतं. माझी पोरगी त्या वळणापलीकडे कुठेतरी पाय ओढत होती, तिला वाटत असेल आजीनं काही ठेवलं असेल. आणि हा माणूस माझ्या दारात आल्यासारखा बसला होता. दारात बसलेल्याला नाही म्हणून आतल्यासाठी ठेवायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलंच नाही.

मी वाकून गडवा काढला आणि त्याच्या हातात दिला.

तो घोट घोट पेला. बराच वेळ बसला. मग उठला, ढेकर दिली आणि म्हणाला, "मीठ बरोबर पडलं, बाई," आणि निघून गेला.

दिव्यानी आली तेव्हा सूर्य सागाच्या शेंड्यांपासून हातभर वर होता. तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ. पाय अजून ओढतच होते. ती थेट गंजाकडेच आली.

"संपली, माय," मी म्हणाले. "पाहुण्यांनी पेली."

तिनं गंजात पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, तू सगळ्यांले दाट दाट वाढली ना?"

"हो."

"मले माहीतच होतं." आणि ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा तशी मोकळी हसली. "गंज धुतला का?"

"नाई."

तिनं टेबलावरचं पाणी स्वतःच गंजात ओतलं, हात घालून कडा-तळ निपटून काढला आणि दोन्ही हातांनी गंज उचलून तोंडाला लावला. मला माझ्या माहेरचं अंगण दिसलं. दिवस बुडाल्यावर आम्ही पोचायचो, भावांची जेवणं झालेली, आणि आई, "थांब, गंज धुतला नाई अजून," असं म्हणत त्यात पाणी घालून ते धोवण मला द्यायची, भात होईपर्यंत. सगळं मीठ आणि सगळा गाळ त्यातच उतरलेला असायचा. उशिरा पोचणाऱ्या लेकीच्या वाट्याचं. दिव्यानी लहानपणी माझ्याजवळ हट्टानं तेच मागायची.

तिनं गंज खाली ठेवला. ओठ पुसले.

"पळ" म्हणावं असं तोंडावर आलं होतं. निघालं ते वेगळंच. "हळू जा. घाई नाई."

ती जंगलाच्या रस्त्याला लागली.

तिच्या मागून कोणी आलं नाही. थोड्या वेळानं सागामागे ऊन विझलं आणि चैतू पिकअप घेऊन निघाला, रस्त्यावर राहिलेल्यांना उचलायला. मागचा दिवा वळणावर दिसेनासा झाला. उमेरा गिलास गोळा करत होती. मी तिथेच खुर्चीवर बसले. एके काळी घाटावर अशीच बसायची, पलीकडून डोंगा सुटला की नाही ते अंधारात ओळखत. आधी आवाज यायचा, मग डोंगा दिसायचा.

गाडीचाही आधी आवाजच आला. येऊन टेबलापाशी थांबली. मी उठून मागे पाहिलं. मागची फळी उघडी होती आणि आत एक पाण्याची रिकामी कॅन लोळत होती. दुसरं कोणी नव्हतं.

चैतू उतरला, कॅन उचलू लागला. "बसा बाई पुढं. चला रोपवाटिकेत, नात उजेडातच पोचली, वाट पाहून राह्यली. पायात बूट घालवत नाई म्हणते, पण आताबी गाडीत बस म्हटलं तं काई आयकली नाई."

मी गंज उचलून मांडीवर घेतला आणि पुढे बसले. तो घासायचं काम पोरीनंच करून टाकलं होतं.