पडद्यावरची मोजपट्टी आणि शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. लाकडाची नाही, लोखंडाचीही नाही. चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, संगणकाच्या पडद्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला मी राहते. राहते म्हणजे, राहू दिलं तर. लातुरात कोचिंग क्लासेसच्या गल्लीत दयानंदचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या संगणकात मी एका सीडीतून आले, आणि पहिल्याच आठवड्यात दयानंद म्हणाला, "ह्या पट्ट्या डोळ्याला लई खुपायल्यात." त्याने एक बटण दाबलं आणि मला लपवलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

लपवलं तरी मी आत असतेच. माझं मोजणं चालूच असतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. माझं काम तसं सोपं आहे. माझ्या अंगावरून माउसने ओढलं की एक निळी तुटक रेघ निघते. ती माझी लेकच म्हणा. ती छापली जात नाही, नुसती बजावते, की इथून पुढे फ्लेक्स चौकटीमागे दुमडला जाणार, इथे काही लिहू नका. शेजारी भिंग राहतं. ते चित्र जवळ आणतं, लांब नेतं. त्याने कितीही मोठं दाखवलं तरी मी खरं माप सोडत नाही.

आणि दयानंद मोजायचा कशाने? वितीने! पडद्याच्या काचेवर वीत टेकवायची आणि म्हणायचं, "बसतंय की." एकदा शिरूर अनंतपाळहून एक वडील आले. क्लासच्या फ्लेक्सवर त्यांच्या मुलाचा फोटो होता. त्यांनीही काचेवर वीत ठेवली आणि म्हणाले, "आमचं पोरगं येवढंच का?" दयानंदने भिंग फिरवलं.

"आता?"

"हां, आता बरोबर हाय."

पोरगं छापून येणार होतं तेवढंच! वडील खूश, दयानंद खूश, आणि मी आत दातओठ खात बसले. असे फ्लेक्स चार दिवसांत दुसऱ्या फ्लेक्सखाली जायचे. खालचा फोन नंबर अर्धा दुमडला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. म्हणूनच त्याची खोड कधी मोडली नाही.

मग नीलाबाई आल्या. त्या सप्टेंबरात भूकंपाला पंचवीस वर्षं होणार होती. नीलाबाईंचं माहेर औशाकडच्या, भूकंपात पार बसलेल्या एका गावातलं. गेलेल्यांच्या नावांचा फलक तिथे दरवर्षी लावतात. नीलाबाईंची लेक शिवकन्या तेव्हा सहा वर्षांची होती. गणपती बघायला आजोळी गेली आणि तिथेच गेली. पण ती त्या गावची नव्हती, म्हणून तिचं नाव फलकावर कधी आलंच नाही. नीलाबाई दरवर्षी सांगत राहिल्या. त्या वर्षी कुठे गावाने मान डोलावली आणि फलकाचं काम त्यांच्याकडेच दिलं.

"शेवटाला का व्हईना, पण ल्हिव बाबा," त्या दयानंदला म्हणाल्या. "शिवकन्या. आजोळी आलती, असं बी ल्हिव."

"हाव मावशी. काळजीच करू नका."

दयानंद माणूस वाईट नाही. त्याने ते नाव मनापासून लिहिलं. पण पडद्यावरचा कागद घेतला नेमका चौकटीच्या मापाचा आणि घडीला जागाच ठेवली नाही. शिवकन्येची ओळ पार खालच्या कडेला गेली. मी आतून जीव तोडून ओरडत होते. त्याने काचेवर वीत टेकवली आणि म्हणाला, "बसतंय की."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापून आला. नीलाबाई गावाची लोखंडी चौकट टेम्पोतून घेऊन आल्या. दयानंदने दुकानाच्या दारातच फ्लेक्स ताणला, कडा मागे दुमडल्या, तारेने आवळल्या. नीलाबाईंनी शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्या वाकून चौकटीच्या मागे बघू लागल्या. नाव तिथे होतं, घडीत चेपलेलं.

"एकदा भिंतीखाली दबली माझी लेक," त्या म्हणाल्या. "आता ह्या लोखंडाखाली दाबलास व्हय रे तिला?"

आवाज चढलेला नव्हता. मला दयानंदचा संताप आला होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं.

"बसा मावशी," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्या म्होरंच करतो."

त्याने बटण दाबलं. कितीतरी वर्षांनी मी बाहेर आले. त्याने माझ्या अंगावरून चारही बाजूंना निळ्या रेघा ओढल्या आणि सगळी नावं आत घेतली. नीलाबाईंनी काचेवर बोट ठेवलं.

"ह्या निळ्या रेघेच्या आत हाय न्हवं ती?"

"आत हाय मावशी. चांगली वीतभर आत."

वीतभर नव्हती, चार इंच होती. पण त्या दिवशी मी गप्प बसले.

संध्याकाळी नवा फ्लेक्स चौकटीवर चढला. नीलाबाईंनी ती ओळ पदराने पुसली आणि टेम्पोत फलकाला धरून बसल्या.

पुढच्याच आठवड्यात क्लासचा फ्लेक्स आला, आणि दयानंदने सवयीने मला पुन्हा लपवलं. म्हणून तुम्हाला सांगते मित्रांनो, माझं कौतुक नको, पण मला झाकू नका. उशिरा आलेलं नाव कडेलाच लिहिलं जातं, आणि घडी घालताना आधी तेच आत जातं.