पडद्याची शिवण

नाटकाच्या बाईंनी पडद्याचं गाठोडं आईच्या हातांत कोंबलं आणि वर म्हणाल्या, "तळाची शिवण गेलीय हो. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. द्याल ना घालून?"

मुलगी तर घेतलीतच, आता शिलाईही फुकट घ्या, असं आईच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण शाळेच्या समुपदेशक सरांच्या खोलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आईने भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? तिने गाठोडं काखेत मारलं आणि मान डोलावली.

त्या खोलीत तिला कळलं होतं, की तिच्या लेकीला कित्येक दिवसांपासून जगावंसं वाटत नव्हतं. ठकीने आपला रंगांचा डबा वर्गातल्या एका मुलीला देऊन टाकला. जो डबा ती घरातही कुणाला हात लावू द्यायची नाही, तो. हे या बाईंच्या नजरेत भरलं. तालीम संपल्यावर पडद्याची घडी घालता घालता त्यांनी सरळ विचारलं, "तुला जगू नये असं वाटतं का ग?" ठकी हो म्हणाली. मग बाईंनी तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही. सरांकडे नुसती पाठवली नाही, स्वतः घेऊन गेल्या आणि तिथूनच आईला फोन लावला.

सरांनी सगळं नीट समजावलं. उद्या डॉक्टरांकडे जायचं, घरात काय काय कुलपात ठेवायचं, शाळेत ठकीने रोज सकाळी सरांना भेटायचं, वाईट वाटलं तर कुणाकुणाला हाक मारायची. आई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. मनात मात्र एकच काटा सलत होता. लेकीने यांना सांगितलं, मला नाही.

आणि स्वतःचाही राग येत होता. ठकीचा गणवेश कमरेत सैल झाला, तेव्हा तिने तो आत घेतला. पुन्हा सैल झाला, पुन्हा घेतला. कसा चापून बसलाय, म्हणून स्वतःवरच खूश झाली होती. कंबर का आटतेय, हे विचारायचं सुचलंच नाही.

"माझ्याकडे का नाही बोलली ती?" दारात थबकून तिने शेवटी विचारलंच.

"मी विचारलं म्हणून बोलली," बाई म्हणाल्या. "आणि विचारताना मी तिच्याकडे बघत नव्हते. हातात पडदा होता."

"म्हणजे माझंच चुकलं."

"असं कुठं म्हटलं मी?" मग बाई मागे बाकावर बसलेल्या ठकीकडे वळल्या. "ठकी, आईला दार धर बाळा. हात भरलेत तिचे."

ठकी! हे नाव घराबाहेर काढलं की ही पोरगी आठवडाभर फुगून बसायची. बाईंना ते कुणी सांगितलं? आईच्या अंगाचा तिळपापड झाला. ठकीने मात्र निमूटपणे दार धरलं.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने पडदा काढला. जड, मेणचट कापड. एका टोकाला मशीन, तर दुसरं टोक पार दारापर्यंत. एकट्या माणसाचं काम नव्हतंच ते.

"धर ग जरा," ती म्हणाली. ठकी पडद्याचा घोळ मांडीवर घेऊन शेजारी बसली.

आईने ओठांत टाचण्या धरल्या आणि शिवण चाचपली. बोटं जागच्या जागी थांबली. जुनी होऊन गेलेली शिवण तिने जन्मभर पाहिली होती. दोरा पिंजतो, भोकं मोठी होतात, कापड ताणलं जातं. इथे कापड धडधाकट होतं आणि दोऱ्याची टोकं एकसारखी, स्वच्छ कापलेली. कुणीतरी मुद्दाम ब्लेड घेऊन टाका न् टाका मोकळा केला होता.

'हातात पडदा होता', हे बाईंचं बोलणं तिला आठवलं. तिने मान खाली घातली आणि मशीनचं पायडल दाबलं.

अर्धी शिवण मारून झाली. मग ठकी म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. बोलता येईना.

"मग मलाच तुला गप्प करत बसावं लागलं असतं. तेवढीसुद्धा ताकद नव्हती ग."

टाचण्या नसत्या, तर आई एव्हाना शंभर गोष्टी बोलली असती. आता नुसती कापड पुढे सारत राहिली. डोळे भरले, तशी टीप दिसेनाशी झाली. तिने मशीन थांबवलं, टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. पडद्यावरची नजर हलवली नाही.

"आज वाटलं का तसं? जगू नये असं?"

बाईंचेच शब्द. ते उसने घेताना जीव जळला, पण दुसरे तिच्याकडे नव्हते.

"सकाळी वाटलं," ठकी म्हणाली. "सरांना सांगितलं मी."

परत सरांनाच! तरी आईने विचारलं, "आणि आता?"

"आता नाही." ठकीने पडद्याचा घोळ सारखा केला. "आता तुला सांगतेय ना."

आईने शिवण पूर्ण केली. कात्र्या कालपासून कपाटात कुलूपबंद होत्या, म्हणून दोरा दातांनीच तोडला. टीप सुंदर आली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्यात दार वाजलं. ठकीचे बाबा आज लवकर घरी आले होते. ठकी दार उघडायला उठली.

ती वळताच आईने सुई घेतली आणि पडद्याच्या पलीकडच्या कडेची वीतभर शिवण उसवली. बाईंनी उसवली होती तशी स्वच्छ नव्हे. दोऱ्याची टोकं पिंजून, कापड ओढून, भोकं मोठी करून, कुणाच्या बापाला कळणार नाही अशी.

"झाला पडदा?" ठकीने दारातूनच विचारलं.

"कुठला!" आई म्हणाली. "इकडेही गेलीय बघ शिवण. उद्या बसू परत."