केस न गाळणारं औषध

आमचे हे विग बनवतात. जाळीच्या टोपीवर बारीक हुकाने एकेक केस ओढून गाठ मारायची, असं ते डोळेफोडीचं काम. गिऱ्हाईक बहुतेक केमो चालू असलेल्या बायका. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यांची मापं घेऊन ह्यांचा पक्का समज झालाय, की केस गेले म्हणजे औषध लागू पडलं, आणि नाही गेले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

नेमका मलाच स्तनाचा कॅन्सर झाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला, आणि केस मात्र जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. माझा कॅन्सर अंगातल्या हार्मोनवर पोसला जातो. रोजची छोटी गोळी त्याची रसद तोडते, कॅप्सूल त्याच्या पेशींना वाढू देत नाही. कॅप्सूल तीन आठवडे घ्यायची, मग एक आठवडा सुट्टी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी सावरतात. ह्यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, की बाई गोड बोलून आपली बोळवण करतायत. औषधाला कधी सुट्टी असते का?

तेव्हापासून रोज सकाळी माझा कंगवा उजेडात धरून तपासायचे. मी वैतागून म्हटलं, माझं डोकंच दुकानात घेऊन जा. पण संशय भारी चिकट. हे कामावर गेले की मीही कंगवा बघायला लागले.

सुट्टीच्या आठवड्यात संध्याकाळचं दूध कडवट लागायला लागलं. पेला रिकामा होईपर्यंत हे समोरून हलायचे नाहीत. विचारलं तर म्हणाले, दूधवाला बदललाय. मग कपाटात पुढच्या महिन्याची कॅप्सूल पाहिली. खोका उघडलेला, पाकिटातल्या काही जागा रिकाम्या. जाणाऱ्या बाईवर औषध कशाला वाया घालवायचं, म्हणून ह्यांनी ती कुणाला विकली की काय? असं मनात आल्याची लाज वाटली, पण विचार काही जाईना. ह्यांच्या खिशातही हात घालून पाहिला.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. त्या वर आल्याशिवाय कॅप्सूल सुरू करता येणार नव्हती. सुट्टीत घेतली होतीत का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या बोटांकडे बघत होते.

"दुधात घालत होतो," हे म्हणाले. "ज्यांचे केस गेले, त्या बायका बऱ्या होऊन मला वाढलेले केस दाखवायला आल्या. तुझे गळेचनात. वाटलं, औषध कमी पडतंय."

मला राग आला, आणि कीवही.

"बऱ्या झाल्या त्याच दाखवायला येणार ना हो," मी म्हटलं. "बाकीच्या कुठून येतील?"

डॉक्टरीणबाईंनी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय जपायचं ते सांगितलं, आणि तापाची जरा जरी कणकण वाटली तर धावत यायला बजावलं.

संध्याकाळी ह्यांनी दूध आणलं. मी म्हटलं, आधी तुम्ही प्या. ह्यांनी मुकाट्याने अर्धा पेला प्यायला, मिशी पुसली आणि पेला माझ्यापुढे ठेवला. दूध अगदी नेहमीसारखं होतं. तरी माझ्याच्याने ते पिववेना.