सहाव्या महिन्यातलं दुखणं

यामिनीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिला नुकताच सहावा महिना लागला होता. आधीचे दोन्ही गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेले होते, हा टिकला होता. वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये सगळं तिच्याभोवती चालायचं. नवरा विजयेंद्र पेरुंगुडीच्या ऑफिसला न जाता घरूनच काम करायचा, आणि सासूबाई, कामाक्षी, तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत.

दुखणं आधी बेंबीपाशी होतं, मग उजव्या बाजूला सरकलं. बाळ वाढतंय, ताण पडणारच, असं म्हणून कामाक्षींनी जिऱ्याचं कषायम उकळून दिलं. ते उलटून पडलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा विजयेंद्र तिला हॉस्पिटलात घेऊन गेला.

सर्जन नंदिता यांनी तपासण्या करून सांगितलं, अपेंडिक्सला सूज आहे, आजच काढायला हवं. भुलीनं बाळाला धोका आहे का, असं यामिनीनं विचारलं. थोडा आहे, त्या म्हणाल्या. पण अपेंडिक्स फुटलं तर कितीतरी जास्त. एरवी थोडं थांबून चालतं, तिच्या अवस्थेत नाही.

यामिनीच्या कानात 'थोडा आहे' एवढंच राहिलं.

"नुसती औषधं देऊन बघा," ती म्हणाली. "उद्यापर्यंत. उतार पडला नाही तर कापा."

नंदितांनी पुन्हा समजावलं. डॉक्टरांचं ऐकू या, असं विजयेंद्रच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आधीच्या दोन्ही वेळचं तिचं रडणं त्याला आठवलं आणि त्यानं नुसत्या औषधांनाच होकार दिला.

सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. कामाक्षींनी हात जोडले. यामिनी कितीतरी दिवसांनी हसली, आणि विजयेंद्र खाली कॉफी आणायला गेला. तो परत आला तेव्हा नंदिता तिच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या आणि नर्सला थिएटर तयार करायला सांगत होत्या. अपेंडिक्स फुटलं होतं, म्हणून दुखायचं थांबलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण पोटात सगळीकडे पू पसरला होता. संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि कोणत्याही इंजेक्शननं थांबल्या नाहीत. मुलगी झाली. श्वास घेण्याइतकी तिची फुप्फुसं वाढलेली नव्हती.

यामिनीनं नंतर एकच विचारलं. "त्याच दिवशी केलं असतं तर ती जगली असती?"

नंदिता खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक जगली असती."

विजयेंद्र खोलीबाहेर निघून गेला.

पुढे तिला दूध आलं. गाऊन भिजला, तेव्हा नर्सनं छाती घट्ट बांधून दिली. टाक्यांमुळे यामिनीला कुशीवर वळता येत नव्हतं. कामाक्षी पलंगाशी बसून तिचे पाय चेपत होत्या, आणि ती छताकडे बघत पडून होती.