टोपीकरांचा शब्द

आमच्या शास्त्रीबुवांचा राग मोठा शास्त्रोक्त. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. ज्याच्यावर राग, त्याचं नाव घरात घ्यायचं नाही, एवढंच. चार महिन्यांपूर्वी त्यांनी अनंताचं नाव टाकलं. आणि अनंता म्हणजे कोणी वाटेवरचा नव्हे हो, आमचा जावई!

माधुकरी मागत आला होता हा मुलगा आमच्या दारात, आईबापाविना. शास्त्रीबुवांनी त्याला ओटीवर बसवून व्याकरण शिकवलं, मी जेवू घातलं, आणि पुढे आमची एकुलती एक शकू त्यालाच दिली. सगळं कसं छान चाललं होतं. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे! संगमावर टोपीकर इंग्रजांचा वकील राहतो ना, त्याच्याकडच्या एका तरुण साहेबाला हा संस्कृत शिकवायला जाऊ लागला आणि बदल्यात त्यांची भाषा शिकू लागला. शनिवार पेठेत बातमी पोचायला असा कितीसा वेळ लागतो! शास्त्रीबुवा एवढंच म्हणाले, "म्लेंच्छांची भाषा ज्या तोंडात, ते तोंड माझ्या दारात नको." झालं. त्या दिवसापासून अनंताला घर बंद.

मधल्या मध्ये मरण माझं. शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस अगदी भरत आलेले. अनंता रोज संध्याकाळी परसदारी हौदापाशी येऊन उभा राहायचा. ही खिडकीतून बघायची, तो खालून बघायचा. दोघांची तोंडं एवढीएवढीशी. शेवटी एक दिवस पोरीनं गाठोडं बांधायला घेतलं.

"आई, ज्या घरात माझ्या बाळाच्या बापाला पाऊल टाकायची बंदी, तिथे मी बाळंत होणार नाही. उद्या सकाळी मी कसब्यात आमच्या खोलीवर जाते."

"वेड लागलंय का तुला? तिथे तुझं करायला कोण आहे? ना सासू, ना नणंद!"

"नसेना का."

माझी धाकटी बहीण पहिल्याच खेपेला गेली. घरात एकटी होती, हाक ऐकायला कोणी नव्हतं. शकूला हे ठाऊक होतं, तरी तिची गाठ काही सुटेना. हट्ट बापाचाच, दुसऱ्या कोणाचा असणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी तरातरा परसात गेले आणि सगळा राग अनंतावर काढला. "काय आहे रे त्या भाषेत एवढं? गुरू सोडलास, घर सोडलंस!"

"गुरुजींना नाही सोडलं काकू. शब्द भेटला की त्याचं कूळ विचारावं, हे त्यांनीच शिकवलंय. तेच करतोय." बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एक शब्द सापडलाय. ज्यांना सांगायचा, तेच ऐकत नाहीत. त्यांच्यात वाढण्याला 'व्याक्स' म्हणतात."

मला तर कोणी शिंकल्यासारखंच वाटलं.

"रोजच्या बोलण्यात नाही हं," तो म्हणाला. डोळे पुसायचेही विसरला. "झाड वाढलं, पोर वाढलं, तर त्याला 'ग्रो' म्हणतात. हा जुना शब्द. आता बहुतेक शुक्ल पक्षातल्या चंद्रापुरता उरलाय. जुन्या लिखाणात मात्र मूल अंगानं भरतं तिथेही हाच, माणसाचा राग चढत जातो तिथेही हाच."

"राग चढतो? मग तुझ्या सासऱ्यांसाठीच घडवलेला दिसतो."

हसला बापडा. म्हणाला, "साहेबाच्या कोशात लिहिलंय, फार पूर्वी त्याला 'वेआक्सन' म्हणत. गुरुजींना एवढंच सांगा. पुढचं ते ओळखतील."

शास्त्रीबुवा पानावर बसले होते. मी भातावर वरण घालता घालता सहज बोलल्यासारखं केलं. "टोपीकर वाढण्याला व्याक्स म्हणतात म्हणे."

"कावळे काव म्हणतात. मी काय करू?"

"तुम्ही काही करा असं मी कुठे म्हटलं? तूप घ्या."

दोन घास गेले. तिसरा हातातच राहिला. ओठ हलायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूर्वीचं रूप काय?"

"वेआक्सन की कायसं."

अन्न टाकणारा माणूस नव्हे हो तो! पण त्या दिवशी पान तसंच ठेवून उठले आणि तडक पोथ्यांच्या फडताळाकडे गेले. मी म्हटलं, चला, निदान मासा गळाला नाक तरी लावतोय.

सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून पूजेला बसले. हात चंदन उगाळत होते, पण तोंडात मंत्र नव्हता. "उक्ष्... वक्ष्..." चाललं होतं. मी फुलं घेऊन गेले तर एकदम म्हणाले, "अगं, वेदात उक्ष् म्हणजे वाढणं, वक्ष् हे त्याचंच रूप. हल्ली कोणी बोलत नाही, फार जुना धातू आहे."

"त्यांचाही जुनाच आहे म्हणे."

"आणि त्याच्यावरून उक्षा. वाढून तगडा झालेला बैल." उगाळता हात थांबला. "टोपीकर बैलाला काय म्हणतात?"

"मला विचारता? मी काय श्रीमंतांची जासूद आहे, निरोपांची ने-आण करायला? ज्याला माहीत आहे तो परसात उभा आहे. शकूला न्यायला आलाय."

"न्यायला? कुठे न्यायला?"

"कसब्यात. एकटी बाळंत व्हायला." मग माझाही बांध फुटला. "तुमच्या तोंडापायी माझी पोर चाललीय! तिला काही झालं ना, तर मग बसा धातू मोजत!"

त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. चंदनाचा हात तसाच, उठले आणि परसदाराकडे चालू लागले. मी मागोमाग. अनंता गाठोडं उचलून उभा होता, शकू उंबऱ्यात भिंतीला धरून. शास्त्रीबुवांनी ना हाक मारली, ना काही विचारपूस केली. उभ्या उभ्या विचारलं, "बैलाला काय म्हणतात?"

"आक्स, गुरुजी."

"उक्षा!"

"हो गुरुजी."

"उक्षा रे, उक्षा!" असं म्हणत त्यांनी अनंताचे दोन्ही हात धरले. गाठोडं खाली पडलं.

अनंता चरकून मागे सरायला बघतो. "गुरुजी, सोवळं! मला शिवलात!"

"शिवलो तर शिवलो." हात काही सोडले नाहीत. "हे मी सांगू कोणाला? सबंध पेठेत सांगू कोणाला? काही बोललो की माना डोलवतात सगळे. एक भांडत नाही. चार महिने मुक्यासारखा बसलोय रे मी!"

अनंताला रडू आवरेना. मलाही आवरेना, खोटं कशाला बोलू? शास्त्रीबुवांनीच नाक ओढलं आणि म्हणाले, "म्हणजे टोपीकर आपले भाऊबंद निघाले की. मग जपून राहायला हवं. भाऊबंद म्हटला की वाटणी मागणार."

"आप्पा," शकू उंबऱ्यातून म्हणाली, "मी जाऊ की राहू, तेवढं सांगा."

त्यांनी खाली पडलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. "गाठ कोणी मारली ही? धड मारताही येत नाही. आत ने ते," म्हणाले, आणि पुन्हा अंघोळीला गेले.

दुपारीच शकूच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, पाणी तापलं, मी शकूच्या उशाशी बसले. बाहेर ओटीवर सासरे-जावई त्या धातूवरून कडाकडा भांडत होते. आतून शकू ओरडली की दोघंही गप्प. मग शास्त्रीबुवा पुन्हा काहीतरी काढायचे, अनंता उत्तर द्यायचा, पण दोघांचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. आतल्या आत मी सगळे देव आळवले. पोरीनं माझा हात पिरगाळून काळानिळा केला, तरी मला बरंच वाटत होतं. ती माझ्यापाशी होती.

दिवेलागणीला सुटका झाली. मी बाहेर येऊन म्हटलं, "मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

अनंता उठला, दोन पावलं आला आणि माजघराच्या दाराशी तसाच थबकला. पाऊल उचलेचना. चार महिन्यांची सवय, ती काय एका दिवसात जाते? शास्त्रीबुवांनी मागून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"असा उभा काय राहतोस? जा की पुढे, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जा, लेकीला बघून ये. या घरात तुला अडवणारा आहे कोण?"

याचं उत्तर माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी ते गिळलं.